युसुफभाईंचा उरलेला प्रश्न

युसुफभाई गेल्याचं मला सहा दिवसांनी कळलं. मी पुण्याला मुलीकडे होतो, फोन बिघडला होता. परतताना विसरवाडीला बस थांबली, तेव्हा त्यांच्या पंक्चरच्या दुकानात त्यांची मुलगी शबाना चाक खोलत होती. "सर, अब्बा बुधवारीच गेले..." त्या सहा दिवसांत, भेटल्यावर त्यांना काय काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होतो.

आमची ओळख पंक्चरचीच. मी नवापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. एकदा स्कूटर त्यांच्याकडे लावली, तेव्हा हातात कृष्णविवराचा तक्ता होता. "हाई काय शे, सर?" मी वर्गात सांगतो तसं सांगितलं : समजा, एक माणूस घड्याळ घेऊन यात पडतोय. लांबून पाहणाऱ्याला त्याचं घड्याळ मंदावताना दिसतं, माणूस अंधुक होत जातो, पण हद्द ओलांडताना कधीच दिसत नाही. प्रत्यक्षात तो आत गेलेलाही असतो. पाण्यात बुडवलेली ट्यूब तशीच धरून युसुफभाई माझ्याकडे बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात ते थेट शाळेत आले. तरुणपणी ते ट्रक चालवायचे. वडील वारले तेव्हा ते दूर कर्नाटकात होते. निरोप चार दिवसांनी एका ढाब्यावर मिळाला. त्या चार दिवसांत ते पोटभर जेवले, दोस्तांबरोबर हसले. ते हसणं त्यांना अजून टोचत होतं. "मंग सर, त्या चार दिन मन्हासाठे अब्बा जित्ता व्हतात का?" मी म्हणालो, उजेड पोचलाच नाही तर पाहणारा काय करणार? ते म्हणाले, "म्हंजे मन्हं देखनं खोटं नव्हतं... उशीरनं व्हतं."

मग दर भेटीत नवा प्रश्न. काहींची उत्तरं मला पुस्तकं उघडून शोधावी लागत.

ते गेल्याचं कळलं त्या दिवशी शबानानं दुकानाच्या दाराची आतली बाजू दाखवली. मला विचारायचा प्रश्न त्यांनी खडूनं लिहून ठेवला होता : 'सरले ईचारनं. पडनाराले आपन दिसतस का?'

मी घरी जाऊन दोन दिवस आकडेमोड केली. परत जाऊन तिला म्हणालो, "दिसतो. जरा तांबूस, पण दिसतो. त्याचा उजेड बाहेर येत नाही. आपला मात्र आत जातो. हद्दीपलीकडेही."

शबानानं हात पुसले, खडू शोधला, आणि त्या ओळीखाली लिहिलं, 'हां.'