शून्य शिंकांचं औषध

माझ्या थोरल्या साडूंइतक्या शिस्तीनं शिंकणारा माणूस नर्मदेच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. माघात अंगणातला आंबा मोहरला की त्यांचं नाक सुरू होतं, ते थेट कैऱ्या धरेपर्यंत. शिंकाही एकट्यादुकट्या नाहीत, सात-सातच्या तुकड्यांनी येतात. उभी हयात संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागात गेलेली, त्यामुळे चाचणीशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही हा बाणा. भाजीवाल्याची एक भेंडी मोडून बघतात आणि अख्खी गाडी नापास करतात.

त्यांच्या घरात माझ्या मेहुणीचा एक कायदा आहे. कुणी बाहेर निघताना शिंक आली, तर निघणाऱ्यानं पाच मिनिटं बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. या कायद्यापायी लेकीची शाळेची बस कितीदा चुकली, देव जाणे. यंदा त्याच लेकीला पुण्यात नोकरी लागली आणि निघायचा दिवस नेमका ऐन फाल्गुनात आला. मेहुणीनं बजावलं, "अहो, त्या दिवशी एकही शिंक नको. पोरीची पहिली नोकरी आहे."

ओमती भागातल्या डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा सांगितला होता. पण तुलना केल्याशिवाय फवारा मारतील तर ते साडू कसले! डॉक्टरांचं डोकं खाऊन त्यांनी दोन तऱ्हेच्या गोळ्याही लिहून घेतल्या, वही आखली, आणि रोज सकाळी सातला मोहराखाली उभं राहून दहा दीर्घ श्वास घ्यायचे असं ठरलं. शिंका मोजायला मेहुणी. मलाही बोलावणं आलं. औषध न घेतलेलं एक नाक तुलनेला हवं होतं. मला मोहराचा काही त्रास नाही, असं मी सांगून पाहिलं. "म्हणूनच तर तुम्हाला बोलावून राहिलो, साडूभाऊ," ते म्हणाले. दीड महिना मी त्या झाडाखाली सुदृढ नाकानं उभा होतो आणि माझ्या नावापुढे रोज निष्ठेनं शून्य पडत होतं.

पहिल्या गोळीनं ते झाडाखालच्या खुर्चीत दुपारपर्यंत घोरत पडले. उठून वहीत लिहिलं, 'शिंका शून्य. उत्तम.' झोपेतला निकाल धरायचा नसतो, असं मी म्हटल्यावर त्यांनी मलाच विचारलं, "काहून? नाक तर तेच होतं ना?" स्टेशनावर कुणी उचलून न्यायचं, या मेहुणीच्या प्रश्नावर मात्र ती गोळी बाद झाली. दुसरीनं झोप येईना, पण शिंका साडेतीन आल्या. अर्धी म्हणजे येता येता परत गेलेली. ती धरावी की नाही यावरून नवरा-बायकोत दोन दिवस अबोला होता. फवाऱ्यानं तीन दिवस काहीच फरक पडला नाही, तेव्हा साडू बाटली परत करायला कमानिया गेटच्या औषधवाल्याकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "अंकल जी, रोज लेना पड़ता है. असर धीरे-धीरे आता है." आठव्या दिवशी जागेपणी शून्य आलं. साडूंनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

निघायच्या दिवशी लेकीच्या हातावर दही पडलं, बॅग खांद्यावर गेली आणि आम्ही सगळे साडूंच्या नाकाकडे बघत उभे राहिलो. ते नाक कोरडं, शांत, पास झालेलं. लेक उंबऱ्याशी थांबली. "बाबा, एकदा तरी शिंका ना," ती म्हणाली. "मी बसते पाच मिनिटं."

साडूंनी खरंच प्रयत्न केला. अंगणात जाऊन मोहराची डहाळी तोडून आणली, तिच्यात नाक खुपसलं, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. मेहुणीनंही त्यांना अडवलं नाही, उलट पाण्याचा पेला भरून आणला. काही केल्या शिंक येईना. शेवटी रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला आणि "चलो, निघ आता," म्हणून त्यांनी स्वतःच बॅग उचलली. मला त्यांच्याकडे बघवेना.

परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा वही टेबलावर उघडीच होती. फवाऱ्यापुढे नीटस अक्षरात शेरा होता: 'औषध अव्वल. पोरगी घरी आल्यावर घेऊ नये.'