छिन्नी न धरलेला शिल्पकार

दुसरं महायुद्ध संपून बारा-तेरा वर्षं झाली होती. मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएच.डी. करत होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच, आणि हे मी कोणालाही ऐकवायचो. माझ्या रोजच्या वाटेवर एका अंगणात एक म्हातारा कारागीर बसायचा. बॉम्बहल्ल्यात हात तुटलेल्या संगमरवरी मुलीला तो नवा हात घडवत होता. दोन टोले झाले की चुरा फुंकायचा आणि अंगठ्यानं दगड चाचपायचा.

मूर्ती मागच्या शतकातल्या एका अमेरिकन शिल्पकाराची होती. एकदा मी म्हणालो, "काय हात असेल हो त्या माणसाचा."

"कसला हात? त्यानं छिन्नी कधी धरलीच नाही," म्हातारा म्हणाला. "त्यानं मातीचा नमुना केला. दगड इटलीत माझ्या आजोबांनी घडवला. खाली नाव त्याचं."

मी हादरलोच. "ही तर फसवणूक झाली."

"नाइन, नाही. तेव्हा सगळे असंच करायचे. तुमचे वडील काय करतात?"

जर्मनीत मी 'कंत्राटदार' असं सांगत आलो होतो. त्याला मात्र खरं सांगितलं, "पाथरवट आहेत. जाती, पाटे घडवतात."

खूश होऊन त्यानं छिन्नी माझ्या हातात दिली. मी ती पेनासारखी धरली. बाबांनी मला हत्याराला कधी हातच लावू दिला नव्हता; तू अभ्यास कर, म्हणायचे.

म्हातारा माझ्या बोटांकडे बघत राहिला. "आल्झो," तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या घरातले शिल्पकार तुम्ही."

पदवीवर नाव माझं एकट्याचं आहे, हे तोवर मला कधी खटकलंच नव्हतं.