त्याच्या बोअरचं पाणी

"आदी मी, मग तुमी." असं म्हणून तो तांब्या उचलायचा, चार घोट घटाघटा प्यायचा आणि मगच पाहुण्याचा पेला भरायचा.

एमआयडीसीच्या कडेला, उताराखाली त्याची शेड होती. आमच्या कंपनीच्या लोखंडी भागांचा गंज काढून तो त्यांना रंग द्यायचा. मी खरेदी विभागात होतो.

"आमच्या आज्याला तिसगावात पानी वरून वाढायचे, सायेब. आता बगा, कोन बी येऊंद्या, माझ्या बोअरचं पिऊन जातंय." तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने बाटली काढली, तर हा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की ती, वाटंत लागंल." अधिकाऱ्याला प्यावंच लागलं.

मग परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली. माल पुरवणाऱ्या कुणाच्याही शेडमधून घाण पाणी बाहेर जाता कामा नये. गंज काढायचं अ‍ॅसिडचं काम मी त्याच्याकडून काढून वरच्या अंगाच्या एका शेडला दिलं. ती शेड आमच्या कुठल्याच कागदावर नव्हती. कंपनी स्वच्छ ठरली.

एका दुपारी मी त्या शेडमागे गेलो. वापरलेलं अ‍ॅसिड उघड्या खड्ड्यात सोडलं होतं आणि जमीन ते पीत होती. उताराखाली त्याचा पत्रा चमकत होता. पत्र्याला लागूनच त्याच्या बोअरचा पंप होता.

खाली आलो तर तांब्या तयार. तो प्याला. पेला माझ्यापुढे.

"आज नको. उपास आहे."

"उपासाला पानी चालतंय की."

मी पेल्याकडे नुसता पाहत राहिलो. त्याने तो हळूच मागे घेतला.

"व्हय का. तुमी बी त्यातलेच निगाले."

खरं सांगितलं असतं तर कंपनीची परदेशी ऑर्डर गेली असती, माझी नोकरीही. मी जात पाळतो असं त्याला वाटणं मला सोपं पडलं. त्यानंतर मी गेलो की तो माझ्या डोळ्यांत बघत पूर्ण तांब्या रिकामा करायचा. तरी मी बोललो नाही.

पुढे तो अंथरुणाला खिळला आणि गेला. "रंगाच्या धंद्यानं खाल्लं त्याला," असं तुम्हीही ऐकलं असेल. कशाने गेला, मला ठाऊक नाही. वरच्या खड्ड्याबद्दल मात्र कुणीच बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

त्याच्या घरच्यांना भेटायला तिसगावला गेलो. त्याच्या बायकोने तांब्या पुढे केला. तिथलं पाणी चांगलं होतं, हे मला माहीत होतं. तरी माझा हात पुढे होईना.

तिने माझ्याकडे पाहिलं. तांब्या उचलून ती आत गेली.