पितळेचा एल्बो

मुलीने जुनी गाडी घेतली आणि फिटरकाकांचं तोंड उतरलं. गाडी त्यांच्याच कारखान्यातली. मुलगी नर्स, घरोघरी जाऊन पेशंट बघायची, त्यामुळे रोज साठ-सत्तर किलोमीटरचा फेरा. "माझ्या बाबांच्या हातची गाडी आहे," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, आणि काका उगाचच चष्मा पुसायला लागायचे.

त्यांना एक गोष्ट माहीत होती. इंजिनाच्या मागे, कुणाच्या बापाला दिसणार नाही अशा जागी, पाण्याच्या पाइपचा एल्बो, म्हणजे कोपरासारखा वाकलेला जोड, प्लास्टिकचा होता. पूर्वी तो धातूचा असे, मग वरच्या कुणीतरी अक्कल पाजळली. आठ-नऊ वर्षं इंजिनाची धग खाऊन प्लास्टिकचं बिस्किट होतं, भर रस्त्यात सगळं पाणी गळून जातं आणि इंजिन जाम. काकांनी सुपरवायझरला एकदा सांगून पाहिलं होतं. "तुम्ही हात चालवा, डोकं आम्ही चालवतो," असं उत्तर आलं. मग काका गप्प बसले ते पार रिटायर होईपर्यंत.

पण आता त्या गाडीत पोटची पोर बसत होती. काकांनी लेथवाल्या दोस्ताकडून पितळेचा एल्बो करून आणला आणि सुट्टीच्या सकाळी बॉनेट उघडलं. अडीच तास कमरेत वाकून एकेक नळी, एकेक वायर बाजूला केली. मुलगी टॉर्च धरून शेजारी उभी होती.

"एवढा खटाटोप कशाला बाबा? मस्त पळतेय की गाडी."

"तू टॉर्च नीट धर. माझ्या डोळ्यांत मारू नकोस."

शेवटी बोटं पोचली. एल्बो जरा हलवला मात्र, हातात तुकडेच आले. मुलगी हबकलीच. कालच ती एकटी डोंगरापलीकडे जाऊन आली होती.

"हे भंगार बसवलं कुणी?"

कारखान्यात काम झालं की प्रत्येक फिटर आपल्या रंगाचा ठिपका लावायचा. काकांचा रंग हिरवा. हातातल्या मोठ्या तुकड्यावर ठिपका होता, हिरवाच. मूठ मिटली असती तर विषय तिथेच संपला असता.

"मी," काका म्हणाले.

"तेव्हा तुम्हाला ठाऊक नसेल."

"ठाऊक होतं."

तिने टॉर्च हलू दिला नाही. काकांनी पितळेचा एल्बो बसवला, क्लॅम्प आवळले, पाणी भरलं. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, एक थेंब गळला नाही. एरवी काकांनी मिशीवरून हात फिरवला असता. आज त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"आपल्या गल्लीत अशा तीन गाड्या आहेत," मुलगी हात पुसत म्हणाली.

काकांनी फोन काढून लेथवाल्याला सांगितलं, "अजून तीन कर. नको, दहा कर."

"आणि त्या लोकांना काय सांगणार?"

"तुला सांगितलं तेच."