आरजूच्या कपाटातली नोटीस

आमच्या केजात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत जावेदभाई फळवाल्याची आरजू राहते. वय एकोणीस. बाप हात लावून पपईचा कच्चेपणा ओळखतो, तशी ती मोबाईलवरच्या बातमीचा कच्चेपणा ओळखते, असं गल्ली म्हणते. आणि गल्लीचं म्हणणं मी उगाच खोडत नाही.

ही विद्या आजोबांची. खाजामियाँ तरुणपणी ईदचा चाँद दिसला की गावाहून सायकल मारत केजच्या मशिदीत गवाही द्यायला यायचे. तिथला कायदा साधा होता. "लोक म्हणतात दिसला" चालायचं नाही. ज्याच्या डोळ्यांनी पाहिला त्याने समोर उभं राहायचं, नाव सांगायचं, मग बोलायचं. आरजूने तो कायदा मोबाईलला लावला. कुणी काही पाठवलं की तिचा एकच सवाल, दखनीत: "कोन देख्या?" लिंबू-मिठाने चष्मा जातो म्हणणाऱ्या तीन मावश्या या सवालापुढे गारद झाल्या.

खरं ठरलेलं ठेवायला तिने एक ग्रुप काढला. त्यात थोरल्या बहिणीला, शाईस्ताला घेतलं आणि लगेच काढून टाकलं. उरली एकटी. ग्रुपचं नाव 'कपाट'. नोटिसा, फॉर्म, पत्ते ती तिथे स्वतःलाच पाठवते. पाठवण्याआधी फोटोच्या कडा कापते, मेथी निवडावी तशी. देठं नकोत, पानं तेवढी हवीत.

यंदा नर्सिंगला तिचा नंबर लागला. बीडच्या कॉलेजात मूळ कागद दाखवायची शेवटची मुदत बुधवार, संध्याकाळी पाच. चुकली तर जागा दुसरीला. रहिवासी दाखला तहसीलातून मंगळवारी सांजच्याला हाती पडला, आणि बुधवारीच शाईस्ताची मेंदी. सकाळी, सोबतच नंबर लागलेल्या मैत्रिणीचा, सायलीचा निरोप आला: "मुदत शुक्रवारपर्यंत वाढली!" सोबत नोटिशीचा फोटो. आई अजमतबी खूश. "बस आता निवांत मेंदीला." आरजू बसली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले झाले, आणि तेव्हा कुठे मनात किडा वळवळला.

"दादामियाँ, सायलीला फोन लावा ना."

खाजामियाँच्या अंगठ्याने आधी बॅटरी लागली, मग कव्वाली लागली, शेवटी फोन लागला.

"सायले, कोन देख्या?"

"आली का तुजी पंचायत! विजयमालानं पाठवलं, तेलगावच्या."

विजयमालाला फोन गेला. "मला आतिफनं दिलं," ती म्हणाली.

आतिफ आरजूचाच मामेभाऊ. तहसीलसमोर फॉर्म भरून देतो. तो हसायलाच लागला. "येडी हायस का? तूच दिलतंस की! कोणते कागद लागतात म्हणून मी विचारलं, तर आठ दिवसांखाली कपाटातून काढून पाठवलंस."

आजोबांनी कपाट उघडलं. फोटो मागच्या जुलैचा निघाला. नोटीस गेल्या वर्षीची, वर शुक्रवारपर्यंतची मुदतवाढ, खाली कागदांची यादी. जिथे साल होतं ती वरची ओळ आरजूने स्वतःच कापलेली.

खाजामियाँनी मोबाईल तिच्यासमोर धरला. मग म्हणाले, "बेटा, हा चाँद तूच उगवला की."

तिने नर्सिंगला नंबर लागलेल्या पोरींच्या ग्रुपवर आवाजात निरोप सोडला: "मी आरजू. ती नोटीस माज्याकडूनच गेलती, जुनी हाय. मुदत आजच हाय. निघा लवकर." उत्तरं आली. एकीने हात जोडले. एकीने लिहिलं, 'जुने मेसेज फिरवू नकोस.' सायलीचा तर फोनच आला. "समद्यांना शुक्रवार, अन् तुला एकटीलाच बुधवार कसा गं?"

आरजू उठली. अजमतबीने कागदांची पिशवी तिच्या गळ्यात अडकवली.

"माज्या मेंदीतून उठलीस?" शाईस्ता ओरडली. "तुज्या लग्नात मी झोपून राहीन!"

एक वाजता जीपने तिला बीडला सोडलं. कॉलेजच्या फळ्यावर यंदाची नोटीस होती आणि त्यावर शेवटची तारीख आजचीच होती. मेंदीची पोपडी झाडत तिने फोटो काढला. यावेळी काही कापलं नाही. फळा, भिंत, लिंबाची फांदी, खाली स्टुलावरचा शिपाई, सगळं आलं.

"ताई, माजा फोटो कावून?"

"तुमी दिसलात तर पोरींना पटंल. जरा हसा."

"न्हाई हसत. ड्युटीवर हाय."

न हसलेला शिपाई पोरींच्या मोबाईलवर पोचला. खाली ओळ होती, 'मी पाहिलं. आरजू.' मग मात्र फोनवर फोन आले. विजयमाला भावाच्या गाडीवर आली, बाकीच्या एसटीने, जीपने. कागद घेणाऱ्या खिडकीच्या रांगेत येईल तिला आरजू आपल्यापुढे उभी करायची. साडेचारला खिडकीपाशी ती एकटीच उरली.

"कागद द्या, मग खिडकी बंद करतो," कारकून म्हणाले.

"सर, अजून एक यायचीय."

"तिची वाट बघता बघता तुमची जागा जाईल."

"तिची माज्यामुळं जाईल, सर."

सायलीची जीप केजला भरल्याशिवाय सुटली नव्हती. पाचला दहा कमी असताना ती धावत आली, धूळ खाल्लेली, चप्पल हातात.

"सर, आली!" आरजू बाजूला झाली.

"अफवा तुजी," सायली तिला आणखी ढकलत म्हणाली, "तवा तू शेवटी."

सायलीचे कागद झाले. मग आरजूचे गेले, दाखल्यावर बोटांचे केशरी ठसे घेऊन. कारकुनांनी ठसे पाहिले, तिचे हात पाहिले आणि शिक्का मारला. खिडकी बंद करताना तिच्या ओढणीचं टोक फटीत अडकलं. शिपायाने ते सोडवून दिलं, तेव्हा पाचला एक मिनिट बाकी होतं.