विलासचं हँडल

सायकलवाल्यांचे किस्से चालवताना घडत नाहीत, थांबल्यावर घडतात. पंक्चर झालं, चेन उतरली, चहाची टपरी दिसली की सगळे उतरतात आणि मग कोणीतरी काहीतरी बोलून जातं. आम्ही खमरियातले चौघं इतक्या वेळा थांबलो आहोत की किश्शांचा नुसता ढीग झालाय. हसण्यासारखे त्यात बरेच आहेत. पण हल्ली कोणी "सांग ना एखादा" म्हटलं की मी फिरूनफिरून विलासवरच येतो.

चौघं म्हणजे गजू वानखेडे, तिवारीजी, विलास भोयर आणि मी. सगळे एकाच फॅक्टरीतले. गजू वेल्डिंगला, विलास इन्स्पेक्शनला, तिवारीजी ऑफिसात, मी स्टोअरमध्ये. आम्हा तिघांची घरं मूळची विदर्भातली. तिवारीजी इथल्या हिंदी मुलखातलेच, त्यांना मराठी सगळी समजते, बोलतात मात्र हिंदी. रिटायरमेंट जवळ आली तेव्हा गजूला शुगर निघाली. डॉक्टरनं त्याला सायकल चालवायला सांगितली आणि त्यानं आम्हाला ओढलं. म्हणाला, "शुगर मला आहे, पण बोअर एकट्यानं काहून व्हायचं?"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी कुंडम रोड, आणि परतताना खव्याची जलेबी. डॉक्टरला जलेबीचं कोणी सांगितलं नाही.

*

पहिली भानगड हँडलचीच झाली.

गजूच्या मुलानं त्याला सरळ दांड्याच्या हँडलची चकचकीत सायकल घेऊन दिली होती. तिच्यावर बसलं की माणूस पुढे ओणवा. गजूचं पोट मांडीवर टेकायचं, मान दुखायची आणि दोन्ही तळव्यांना मुंग्या यायच्या. तरी महिनाभर तो "मस्त आहे, मस्त आहे" करत राहिला.

एका रविवारी टपरीवर त्याला चहाचा ग्लास धरता येईना. बोटं बधिर झाली होती. तिवारीजींनी ग्लास त्याच्या हातातून घेतला, बाकड्यावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "वानखेडेजी, ये साइकिल आपके लड़के ने किसी और का नाप देके ली है."

पुढच्या आठवड्यात गजूनं ती सायकल मुलाला परत दिली आणि साधी स्टीलची घेतली. तिला जुन्या पद्धतीचं, मुठी मागे वळलेलं हँडल. पाठ ताठ, हात सैल, नजर समोर. पहिल्या चढावर तो आम्हाला म्हणतो, "अरे, इकडे झाडं पण आहेत की! मी महिनाभर नुसता रोडच पाहून राहिलो होतो."

*

गजूचं पाहून विलासनंही हँडल बदलायचं ठरवलं. आता विलास म्हणजे इन्स्पेक्शनचा माणूस. नोकरीभर त्यानं हातात आलेली प्रत्येक वस्तू फिरवून, बोट लावून, उजेडात धरून पाहिली. घरी भाजी आणली तरी तसंच.

सायकलच्या दुकानात तो स्टुलावर बसला, डोळे मिटले आणि एकेक हँडल हातात धरून बसून राहिला. हे रुंद आहे, याच्या मुठी फार खाली जातात, याच्यात मनगट वाकतं. मी आणि गजू दुकानाबाहेर उभं राहून थकलो.

शेवटी दुकानदार म्हणाला, "भैया, इतनी देर तो लोग लड़की देखने में नहीं लगाते."

विलासनं डोळे न उघडता सांगितलं, "लड़की पाँच मिनिट देखी थी. वो आज तक कहती है, ठीक से देख लेना था."

त्यानं निवडलेलं हँडल मात्र खरंच सुंदर होतं. स्टीलचं, हलकासा बाक असलेलं. खांदे सैल सोडले की हात आपोआप मुठींवर जाऊन पडायचे. मग त्यानं चामड्याचं सीट बसवलं, पितळेची घंटी लावली, मागे कॅरियर घेतलं. सुनंदा वहिनी, म्हणजे त्याची बायको, सायकल पाहून एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी कधी इतकं निवडून काही आणलं नाही." विलास हसला. ती पण हसली. पण थोडीच.

*

कुंडम रोडला जंगल लागलं की सकाळी अगदी शांत असतं. एक दिवस आम्ही ओळीनं चाललो होतो आणि मागून विलासची घंटी वाजायला लागली. किणकिण, किणकिण. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

गजू पुढून ओरडला, "काहून वाजवून राहिला बे? वाघाला रस्ता मागून राहिला का?"

घंटी वाजतच राहिली.

"अबे, बस कर ना."

तेव्हा तो म्हणाला, "मी नाही वाजवून राहिलो."

आम्ही थांबलो. विलास एक पाय टेकवून उभा होता. त्याचा डावा हात मुठीवर होता आणि तो थरथरत होता. बारीक, पण सारखा. त्या थरथरीनं घंटी हलत होती. त्यानं उजव्या हातानं डावा हात धरला. घंटी थांबली. हात सोडला, पुन्हा सुरू झाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून असेल. घरी सांगितलं नाही अजून."

गजू, जो कधी गप्प बसत नाही, तो वळून झाडांकडे पाहत उभा राहिला. त्या दिवशी आम्ही जलेबी न खाताच परतलो.

डॉक्टरनं पार्किन्सन्स सांगितला. पुढच्या रविवारी विलास आला तेव्हा त्याच्या हँडलवर घंटी नव्हती.

*

वर्षभरात हातावरून गोष्ट पायांवर आली. विलास बारीक बारीक पावलं टाकत चालायचा आणि दाराशी आला की थबकायचा. म्हणजे पाय जमिनीला चिकटायचेच. पुढे जायचं आहे, मनात आहे, पण पाय उचलत नाही.

वहिनीनं सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. आम्ही रविवारी गेलो तर ती दारातच उभी.

"भाऊजी, तुम्ही यांचे मित्र आहात ना? ज्यांना घरात धड चालता येत नाही, त्यांना तुम्ही रोडवर नेता? उद्या पडले तर उचलून माझ्याच दारात आणाल."

आम्ही खाली मान घालून उभे. तिचं चुकत नव्हतं. आत विलास खोलीच्या उंबऱ्याशी अडकून उभा होता, चौकटीला धरून. वहिनी त्याला हात द्यायला वळली तर तो म्हणाला, "सुनंदा, किल्ली दे. एकदाच. समोर मैदानात. तू पाहा."

मग तिनं पदराची गाठ सोडून किल्ली माझ्या हातात दिली. त्याच्या हातात नाही, माझ्या.

मी आणि गजूनं धरून त्याला अंगणात आणलं, सायकलवर बसवलं, हात मुठींवर ठेवून दिले आणि थोडं ढकललं. आणि विलास गेला. सरळ. पाय गोल फिरत होते, पाठ ताठ, डोकं वर. क्वार्टरसमोरच्या मैदानाला त्यानं फेरी मारली, मग आणखी एक. ज्याला स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता, तो माणूस वळणावर एका हातानं केस सारखे करून गेला.

असं होतं म्हणे या आजारात. काही लोकांना चालता येत नाही, पण सायकल येते. डॉक्टरनं नंतर सांगितलं आम्हाला. तेव्हा ठाऊक नव्हतं.

वहिनी पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तिवारीजी तिच्यापासून जरा लांब उभे राहून म्हणाले, "दीदी, रोड पे नहीं ले जाएँगे. यहीं मैदान में. हम चारों तरफ़ रहेंगे."

डोळे पुसून तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा: "डाव्या हातानं ब्रेक दाबला जातो का यांच्याच्यानं?"

नव्हता दाबला जात. आमच्या तिघांच्याही ते लक्षात आलं नव्हतं. दोन्ही ब्रेकच्या तारा उजव्या लिव्हरला जोडून घेतल्या. मान वळत नव्हती म्हणून आरसा लावला. रबराच्या मुठी हातातून निसटायच्या, त्यांच्यावर वहिनीनं जुन्या चादरीची पट्टी घट्ट गुंडाळून शिवून टाकली.

*

मग दांडीवरून पाय टाकणं जमेना.

उपाय साधा होता. बिनदांडीची सायकल, लेडीज सायकल. पण विलासला ते सांगणार कोण? त्यानं एकदा ऐकलं आणि तोंड फिरवलं. "आता एवढंच राहिलं होतं. राहू द्या. बस झाली सायकल." दोन रविवार तो बाहेरच आला नाही.

तिसऱ्या रविवारी गजू आला तो त्याच्या मुलीच्या कॉलेजच्या सायकलवर. गुलाबी रंगाची, पुढे टोपली, मागे स्कर्ट अडकू नये म्हणून जाळी. वर गजू, त्याच्या त्या पोटासकट. सगळ्या वस्तीतून चालवत आला. पोरं हसली, बाया खिडकीत आल्या. तो विलासच्या अंगणात उतरला, सायकल स्टँडवर लावली आणि म्हणाला, "विलास, माझा गुडघा गेला. पाय वर होत नाही. आता हीच चालवायची आहे मला. एकट्याला लाज वाटून राहिली."

गुडघ्याला काही झालं नव्हतं. विलासलाही ते ठाऊक होतं. त्यानं गजूकडे पाहिलं, मग त्या टोपलीकडे पाहिलं.

"रंग काळा पाहिजे," तो म्हणाला. "आणि हँडल माझंच बसवायचं."

बसवलं. गजूनं ती गुलाबी सायकल नंतर कधी बदलली नाही. आजही तीच चालवतो.

*

पुढे मैदानही सुटलं. सायकल व्हरांड्यात मोठ्या स्टँडवर उभी केली, मागचं चाक अधांतरी. विलास तिच्यावर बसून पायडल मारायचा आणि आम्ही भोवती खुर्च्या टाकून चहा प्यायचो. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की पुढे वाकून ऐकावं लागायचं.

एकदा बाहेरगावचे पाहुणे आले. त्यांनी जागच्या जागी सायकल चालवणारा माणूस पाहिला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कुठपर्यंत जाता रोज?"

विलासचे पाय चालूच होते.

"जिथपर्यंत हे तिघं येतात तिथपर्यंत," तो म्हणाला.

पाहुण्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि चहा घेतला.

*

मागच्या हिवाळ्यात विलास गेला. त्यात किस्सा काही नाही. छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं, आणि परत आणलं नाही. ग्वारीघाटावर सगळं उरकून आम्ही तिघं पायी पायी बराच रस्ता चालत आलो. गजू एकदाच बोलला. म्हणाला, "त्याचा हात शांत होता बे, आज." तिवारीजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

रविवारी आम्ही अजूनही निघतो. फार लांब जात नाही.

*

एक किस्सा राहिला. तो विलास जायच्या आधीच्या उन्हाळ्यातला.

तेव्हा त्याला सायकलवर बसवणंही बंद झालं होतं. व्हीलचेअर आली होती. वहिनी रोज संध्याकाळी त्याला वस्तीत फिरवून आणायची. ती उंच, आणि खुर्चीच्या मागच्या मुठी खाली. ढकलताना तिला वाकावं लागायचं. परत आली की भिंतीला पाठ लावून उभी राहायची. तक्रार कधी केली नाही. आम्हाला तर दिसलंही नव्हतं.

विलास त्या दिवसांत बोलणं जवळजवळ सोडून बसला होता. हो किंवा नाही, तेही डोळ्यांनी. आम्ही रविवारी बसलो होतो, गजू काहीबाही सांगत होता. अचानक विलासनं बोट उचललं. गजू गप्प झाला.

"हँडल," विलास म्हणाला.

"काय रे? सायकलचं?"

त्यानं डोळ्यांनीच हो म्हटलं. मग एकेक शब्द गोळा करून म्हणाला, "काढ. खुर्चीला लाव. हिची पाठ दुखते."

वहिनी आत होती. भांडी घासायचा आवाज थांबला.

मी म्हटलं, "विलास, मग सायकल?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

गजूनं खुर्ची घरी नेली. मागे एक उभा पाइप वेल्ड केला, त्यात ते हँडल बसवलं. मुठी मागे वळलेल्या, म्हणजे ढकलणाऱ्याच्या बरोबर हाताकडे येणाऱ्या. उंची किती ठेवायची ते कळेना म्हणून पाइप थोडा लांबच ठेवला आणि नट ढिला सोडला.

संध्याकाळी आम्ही खुर्ची घेऊन गेलो. विलासला तिच्यात बसवलं. वहिनी मागे येऊन उभी राहिली, पण हात लावेना. विलासची मान वळत नव्हती, त्याला ती दिसत नव्हती. तो समोर रस्त्याकडे पाहत होता.

"खांदे सैल सोड," तो म्हणाला.

तिनं सोडले.

"आता हात ठेव."

तिनं ठेवले. गजूनं हँडल बोटभर खाली केलं, मग किंचित वर, आणि नट आवळला.

"मनगट वाकतं का?"

"नाही."

"नीट पाहा. घाई नको."

वहिनीनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी ती तशीच उभी राहिली, त्या शिवलेल्या मुठी धरून. आम्ही तिघंही हललो नाही. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बरोबर आहे."

"मग चल," विलास म्हणाला.