टेबलाच्या खालची बाजू

बंदराच्या कचेरीत तिला सगळे भिंगवाली म्हणायचे. परदेशी जाणाऱ्या लाकडाचा तुकडा घ्यायचा, पात्याने कड तासायची, ओलं बोट फिरवायचं आणि भिंगातून पाहून झाड कुठलं ते सांगायचं, एवढंच तिचं काम. चोरटी जंगलतोड थांबावी म्हणून घेणाऱ्या देशांनी कायदे कडक केले, तेव्हापासून तिच्या सहीशिवाय जहाजावर फळी चढत नसे.

मी तिथं टपाल बघायचो. सोळा वर्षं आम्ही शेजारी बसलो. बोलायची कमी. साहेबांच्या नव्या सागवानी खुर्चीला तिने एकदा नख लावलं आणि ‘भुसा आणि सरस’ एवढंच म्हणाली. साहेब आठवडाभर तिच्यावर फुगून बसले.

एका वर्षी बंदरावरच्या खाजगी वखारीत ओंडक्यांचा मोठा माल आला. परवान्यावर लिहिलं होतं, लागवडीची निलगिरी. ओंडक्यांच्या टोकांना चुना फासलेला. किडीसाठी, असं मुकादम म्हणाला. तिने चुना खरवडला. खाली जांभळट काळा गाभा निघाला, गोडसर वास आला. शिसव होती, तीही दोघांच्या कवेत मावणार नाही एवढ्या घेराची. अशी झाडं लागवडीत होत नाहीत, जुन्या जंगलातच सापडतात. तिने तसा अहवाल लिहिला. साहेबांनी तो खणात ठेवला आणि दोन दिवस दम धरायला सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी तिच्या घरी जेवणाचं टेबल आलं, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. ती कामावर होती. ऑफिसच्या लोकांनी पाठवलंय असं ऐकून सासूबाईंनी हमालांना पाणी दिलं, टेबलावर धुतलेली चादरही घातली. संध्याकाळी ती पातं घेऊन टेबलाखाली आडवी झाली. लाकूड तेच होतं. आणि तासायला कड शोधताना तिला खडूने लिहिलेली ओळ दिसली: तिच्या मुलीची इयत्ता, तुकडी आणि शाळा सुटायची वेळ.

त्या घरात टेबलाखाली कोण डोकावणार, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

नवरा गोदीत क्रेन चालवायचा. त्याने टेबलाखाली वाकून ओळ वाचली. मग म्हणाला, “सही करून मोकळी हो. जंगलाचा मक्ता आपण घेतलाय का?”

तिने सही केली नाही. आठवड्याच्या आत मुलीला दुसऱ्या गावी नणंदेकडे ठेवलं. सासूबाईंना सांगितलं, तिकडची शाळा चांगली आहे. त्या रुसल्या, पण टेबलावरची चादर त्यांनी स्वतःच काढली.

माल मात्र गेला. साहेब म्हणाले, वरून मंजुरी आली.

दीड महिन्याने घेणाऱ्या देशातून लखोटा आला. मीच फोडला. आत दाखल्याची नक्कल, माल निलगिरीचाच असल्याचा, खाली तिची सही, आणि प्रश्न: हा दाखला खरा का? मूळ दाखला मीच टपालात टाकला होता, न वाचता.

तिने नकलेवर भिंग धरलं. “सही माझीच आहे,” ती म्हणाली. “रजेच्या अर्जावरून उचललेली.” मग माझ्याकडे न बघता विचारलं, “उत्तर लिहिलं तर टाकाल?”

मी हो म्हणालो. तिने तीन ओळी लिहिल्या. आमच्या पेटीत न टाकता मी चालत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पोस्टात गेलो. वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

तिकडे माल जप्त झाला. इकडे दोन कारकून निलंबित झाले. साहेबांना बढती मिळाली, आणि वखारीच्या मालकाला कोणी काही विचारलं नाही. तिची नोकरी राहिली, पण वखारीत जायचा पास काढून घेतला. आता नमुने बंद पाकिटात तिच्या टेबलावर येतात. प्रत्येक नमुना कागदाशी तंतोतंत जुळतो. निलगिरी म्हटलं की निलगिरी. तो जहाजावरच्या मालातलाच का, हे तिला बघता येत नाही; पण हातात आलेला तुकडा खरा असतो, म्हणून ती सही करते.

परवा तिने खिडकीकडे पाठ येईल अशी खुर्ची फिरवून घेतली. जहाजं भरताना दिसतात, म्हणाली. मुलगी अजून नणंदेकडेच आहे. सुट्टीत ही नवरा-बायको तिकडे जातात. तिला इकडे आणत नाहीत.